प्रस्थापित म्हणावे कोणाला?

'प्रस्थापित' हा शब्द आपल्या राजकारणात फारच स्वस्त झाला आहे. विरोधी बाकांवर बसणारा सत्ताधाऱ्याला प्रस्थापित म्हणतो; सत्तेवर आलेला आधीच्या राज्यकर्त्यांच्या माथी तोच शिक्का मारतो; आणि ज्याच्या घरात तीन पिढ्या आमदारकी नांदत आहे तो पुढारीही निवडणूक जवळ आली की 'प्रस्थापितांविरुद्ध' दंड थोपटतो. शिवी म्हणून शब्द सोयीचा आहे खरा. पण ज्या नावाने सगळ्यांनाच हाक मारता येते, त्या नावाने कोणाचीच ओळख पटत नाही. म्हणून त्याचा अर्थ एकदा पारखून घेणे इष्ट. त्यासाठी सुरतेइतके योग्य गाव आम्हांस दुसरे दिसत नाही.

विलायतेत हा शब्द रूढ केला तो हेन्री फेअरली या पत्रकाराने, १९५५ मध्ये. अधिकाराच्या जागा तेवढ्या प्रस्थापित असे त्याचे म्हणणे नव्हते. ज्या सामाजिक लागेबांध्यांच्या जाळ्यातून सत्ता राबवली जाते, ते सारे जाळे त्याला अभिप्रेत होते. तेव्हा खुर्ची ही प्रस्थापितांची पुरेशी खूण नव्हे. सुरतेचा इतिहास नेमके हेच सांगतो.

१९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपुरास व्हायचे होते. तेथे जहालांचा जोर आहे हे पाहून नेमस्तांनी ते सुरतेस हलवले. यजमान प्रांतातील पुढाऱ्याने अध्यक्ष होऊ नये असा प्रघात होता आणि सुरत मुंबई इलाख्यात मोडत होती. टिळकांचे नाव आपोआप बाजूला पडले. रासबिहारी घोष यांच्या निवडीवर टिळक बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांना परवानगी नाकारण्यात आली. पुढे मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस दुभंगली. त्या जोड्याचे समर्थन आम्ही करणार नाही. मेहता, गोखले यांच्या देशभक्तीविषयी शंका घेणे हा तर कृतघ्नपणाच होय. राज्य इंग्रजांचे होते. नेमस्तांच्या हाती ना फौज होती, ना तिजोरी. तरीही त्या मंडपापुरते प्रस्थापित तेच होते. सभा कोठे भरावी, अध्यक्ष कोणी व्हावे आणि बोलावे कोणी, हे ठरवण्याची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

ही किल्ली जन्माने मिळत नाही आणि जन्मभर टिकतही नाही. सुरतेचे १९५७ ते १९८० या काळातील खासदार मोरारजी देसाई यांचेच चरित्र पाहावे. इंग्रजांच्या नोकरीतील हा डेप्युटी कलेक्टर १९३० मध्ये राजीनामा देऊन सत्याग्रहात उतरला. १९५२ च्या निवडणुकीत ते अवघ्या १९ मतांनी पडले, तरी मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांनाच मिळाले. मतदारांनी लावलेले दार पक्षाने आतून उघडून दिले. याच मोरारजींच्या कारकिर्दीत संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मराठी मन ते विसरलेले नाही. आणि याच मोरारजींना १९७५ च्या आणीबाणीत तुरुंगात डांबले गेले, हेही विसरता कामा नये. १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले. सरकारी अंमलदार, सत्याग्रही, मुख्यमंत्री, कैदी आणि पुन्हा राज्यकर्ता: एकाच माणसाला आपण कितीदा प्रस्थापित म्हणणार आणि कितीदा नाही? शब्द माणसाला चिकटवला की असा घोटाळा होतो. तो जागेला लावावा.

याच मतदारसंघात २०२४ साली जे घडले ते तर ताजे आहे. काँग्रेस उमेदवाराच्या अर्जावरील सह्या आपल्या नव्हेत, असे सूचकांनी प्रतिज्ञापत्राद्वारे सांगितले आणि अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवाराचीही तीच गत झाली. उरलेल्या आठ जणांनी माघार घेतली आणि २२ एप्रिल रोजी भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. सोळा लाखांहून अधिक मतदारांना मतदान केंद्राची पायरी चढावीच लागली नाही. २०१३ पासून मिळालेला 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्यायही त्यांना वापरता आला नाही. बिनविरोध निवडीत मतदानच होत नाही. कायद्याने हे सारे रीतसर होते. बिनविरोध निवड हा काही नवा प्रकारही नव्हे. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण नाशकातून असेच निवडून आले होते. परंतु तेव्हा देशावर संकट होते. सुरतेत असे कोणते संकट होते?

येथे दोष एकट्या सत्ताधारी पक्षाच्या पदरात टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या पक्षाला आपले सूचकही सांभाळता येत नाहीत, तो विरोधी पक्ष कसला? आणि जे आठ जण मतदारांना तोंड न दाखवताच माघारी फिरले, त्यांना कोणत्या बाजूचे म्हणावे? जिंकणारा, हरणारा आणि माघार घेणारा या तिघांनाही मतदारावाचून भागते, तेव्हा ते तिघेही एकाच व्यवस्थेचे घटक होतात. मग झेंडे कोणत्याही रंगाचे असोत.

आमच्या मते राजकारणी प्रस्थापित होतो तो निवडून आल्यामुळे नव्हे. निवडून येणे हा तर लोकशाहीचा पाया आहे. ज्या दिवशी त्याला लोकांकडे कौल मागण्याची गरज उरत नाही, त्या दिवशी तो प्रस्थापित होतो. या कसोटीवर दिल्लीचा मंत्री जसा पारखावा, तसाच आपल्या गावचा बिनविरोध सरपंच, सोसायटीचा वर्षानुवर्षांचा चेअरमन आणि पतपेढीचा संचालकही पारखावा. उमेदवारी मागे घेण्याच्या दिवशी कोणाकोणाच्या घरी चहा झाला, याची चौकशी न करणारे आम्ही वृत्तपत्रवालेही त्या जाळ्याबाहेर आहोत असे समजण्याचे कारण नाही.

किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे मतदाराने विचारत राहिले पाहिजे. सुरतेच्या मतदाराला ते २०२४ मध्ये विचारता आले नाही. आपल्याला अजून विचारता येते.