फाइल उघडली, पण चिपशी बोलायचं कसं?

लिनक्समध्ये बरंचसं हार्डवेअर आपल्यासमोर फाइलच्या रूपात येतं, हे आपण याआधी पाहिलं. आज तीच गोष्ट एका छोट्या चिपवर करून बघू. समजा, पावसाच्या नोंदी ठेवणारं एक यंत्र आहे. आत रास्पबेरी पाय ४, जवळपास इंटरनेट नाही. वीज गेली आणि परत आली, तर पायला वेळ कोण सांगणार? या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. म्हणून आपण डीएस३२३१ ही घड्याळाची चिप जोडतो.

ही चिप आय-टू-सी बसवर बोलते. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणलेली ही पद्धत. तारा दोनच: एक डेटाची, एक क्लॉकची. त्यांच्यावर अनेक चिप एकत्र बसतात आणि प्रत्येकीला सात बिटांचा पत्ता असतो. प्रोसेसर पत्ता पुकारतो आणि ज्या चिपचा तो पत्ता असेल ती डेटाची तार खाली ओढून ‘हजर’ म्हणते. शाळेतल्या हजेरीसारखंच.

आता आपल्या प्रोग्रामला काय करायचं आहे? कर्नल प्रत्येक बससाठी ‘डेव्ह’ डिरेक्टरीत एक फाइल देतो. पायवर ती बहुधा ‘आय-टू-सी-१’ असते. ती ओपन करायची, आयऑक्टल कॉलने चिपचा पत्ता सांगायचा आणि मग रीड-राइट करायचं. कर्नलमध्ये एक ओळही लिहावी लागत नाही. इथवर सोपं आहे. पण ही फाइल फक्त बाइट पोचवते. त्या बाइटचा अर्थ काय, हे तिला माहीत नसतं. ती जबाबदारी आपल्या प्रोग्रामवर येते.

पहिली जागा पत्त्याची. डीएस३२३१ च्या डेटाशीटमध्ये लिहिण्यासाठीचा पहिला बाइट हेक्साडेसिमलमध्ये ‘डी-शून्य’ होतो. त्यात सात बिट पत्त्याचे आणि शेवटचा बिट ‘लिहायचं की वाचायचं’ हे सांगणारा. लिनक्सला फक्त सात बिट हवेत, म्हणजे हेक्स ६८. आणि हजेरी मिळाली म्हणजे ओळख पटली असंही नाही. एमपीयू-६०५० हा हालचालीचा सेन्सरही नेहमीच्या जोडणीत ६८ वरच उत्तर देतो.

दुसरी जागा आकड्यांची. ही चिप वेळ बीसीडी पद्धतीत ठेवते: एका बाइटचे दोन भाग, एकात दशक, दुसऱ्यात एकक. ५९ सेकंद झाले की रजिस्टरमध्ये हेक्स ५९ असतं. ते तसंच साधा आकडा म्हणून छापलं तर ८९ सेकंद दिसतील. हे निदान लगेच डोळ्यात भरतं.

तिसरी जागा मात्र डोळ्यात भरत नाही. वाचण्यासाठी आधी रजिस्टरचा क्रमांक लिहायचा आणि मग रीड करायचं, अशा दोन पायऱ्या असतात. आपण त्या दोन वेगळ्या कॉलमध्ये केल्या आणि मधल्या क्षणी दुसऱ्या प्रोग्रामने याच चिपचं तापमान वाचायला घेतलं, तर? रजिस्टरचा क्रमांक चिपच्या आत लक्षात ठेवलेला असतो, आणि तो आता तापमानाकडे वळलेला असतो. समजा तापमान २७ अंश आहे. हेक्समध्ये ते ‘१बी’. आपला प्रोग्राम ते बीसीडी समजून उलगडतो: दहा अधिक अकरा, २१ सेकंद! एरर नाही, इशारा नाही. नोंद मुकाट्याने चुकते.

उपाय आहे. आयऑक्टलचाच ‘रीड-राइट’ प्रकार दोन्ही संदेश एकाच कॉलमध्ये घेतो आणि दोन्ही संपेपर्यंत कर्नल बस दुसऱ्याला देत नाही. वेळेची सातही रजिस्टर अशी एका दमात वाचायची. एकेक करून वाचली तर १०:५९:५९ ला तास १० मिळेल, मिनिटं वाचेपर्यंत ११ वाजून जातील आणि नोंद होईल १०:००:००. एका तासाची चूक! एकत्र वाचताना चिप सुरुवातीलाच वेळेची प्रत काढून ठेवते, त्यामुळे आकडे एकाच क्षणाचे मिळतात.

चौथी जागा मालकीची. या चिपसाठी कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे. तो चालू असेल तर ‘आय-टू-सी-डिटेक्ट’च्या तक्त्यात ६८ च्या जागी ‘यूयू’ दिसतं आणि पत्ता मागणारा कॉल ‘बिझी’ सांगतो. त्यावर मात करणारा ‘फोर्स’ प्रकार आहे, पण एकाच पाटीवर दोघांनी लिहिण्यासारखं ते होईल. आणि लक्षात घ्या, मघाचा एकत्रित कॉल ही मालकी तपासतच नाही. म्हणून आधी साध्या कॉलने पत्ता मागून बघायचा.

नुसती हजेरी घेणंही नेहमी निरुपद्रवी नसतं. हजेरीच्या एका पद्धतीत फक्त पत्ता आणि ‘लिहायचं आहे’ एवढंच पाठवतात. आयबीएमच्या अनेक थिंकपॅड लॅपटॉपमधली अ‍ॅटमेलची एक मेमरी चिप एवढ्यानेही बिघडत असे. या प्रोग्रामच्या माहितीपानावर तशी ताकीदच आहे. अनोळखी बोर्डवर तो सुरुवातीला ‘पुढे जाऊ का’ विचारतो, तेव्हा विचार करूनच हो म्हणावं.

मग यूजर प्रोग्राममधून बोलायचंच नाही का? जरूर बोलायचं. नवी चिप तपासायला किंवा ड्रायव्हर नसलेला सेन्सर वाचायला हाच जवळचा रस्ता. पण आपल्या घड्याळासाठी ड्रायव्हर तयार आहे. तो चालू करायचा आणि वेळ ‘आर-टी-सी’ फाइलमधून घ्यायची. बीसीडी, एकत्र वाचन, बसचं लॉक हे सगळं तो सांभाळतो. पावसाची नोंद कोणीतरी वर्षांनी उघडेल, तेव्हा चुकलेला तास त्याला ओळखता येणार नाही. म्हणून ही काळजी आजच घ्यायची.