मासे जिवंत आहेत म्हणून पाणी चांगलं?

राई, मुर्धा, मोर्वा या भाईंदर पश्चिमेच्या पट्ट्यात खाडी आणि मिठागरांमुळे गोड्या पाण्याचं मोल जास्त. अशा पाण्याबद्दल गावोगाव एकच कसोटी ऐकू येते: 'मासे पोहतायत ना, मग पाणी चांगलंच.'

ही कसोटी अपुरी आहे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोतील शास्त्रज्ञांनी मरळीच्या कुळातला ठिपकेवाला चॅना पंक्टेटस हा मासा क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मिसळलेल्या पाण्यात ठेवला. चार दिवसांत निम्मे मासे मारणारी मात्रा निघाली लिटरमागे सुमारे ८१२ मायक्रोग्रॅम. तिच्या चौथ्या हिश्श्यातही माशांच्या रक्तपेशी आणि कल्ल्यांमधला डीएनए तुटलेला आढळला.

हे कळतं कसं? आपल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, माशाच्या असतं. त्यामुळे रक्ताचा एक थेंबही पुरतो. पेशी जेलच्या पातळ थरात ठेवून वीजप्रवाह सोडला, की डीएनएचे तुटलेले तुकडे पुढे ओढले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूसारखं शेपूट दिसतं. नुकसान जितकं जास्त, तितकं शेपूट ठळक.

याउलट, मासे मेले म्हणजे विषच, हेही खरं नाही. सांडपाणी कुजून प्राणवायू संपला तरी मासे मरतात.

'आमच्याकडे शेतीच उरली नाही, मग कीटकनाशक कुठून येणार?' असंही कुणी विचारेल. पण डासांसाठीच्या धूरफवारणीत मॅलॅथिऑन वापरतात. त्याच ब्यूरोत त्याचीही याच माशावर चाचणी झाली आणि तिथेही डीएनए तुटलेला दिसला. डेंग्यू-मलेरियापुढे फवारणी टाळता येत नाही, पण ती तळ्यावर नको.

माशाचा तुटलेला डीएनए पोटात गेल्याने माणसाचा डीएनए बिघडतो, ही भीतीही निराधार आहे. माशाचा डीएनए आपल्या पोटात पचतो. काळजी करायची ती मांसात उरलेल्या कीटकनाशकाची. चरबीत साठणारं एंडोसल्फान हे कीटकनाशक २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलं.

पेशी आपली मोडतोड दुरुस्तही करतात. क्लोरपायरिफॉसच्या प्रयोगात काही दिवसांनी नुकसान उतरू लागलं. पण बीजपेशीतली इजा दुरुस्त झाली नाही, तर ती पिल्लांपर्यंत जाऊ शकते. जिथे शेती आहे तिथे पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्यातून भातखाचरात चढतात. तेव्हा औषधाचा पंप ओढ्यात किंवा तळ्याच्या काठावर धुऊ नका, आणि रिकामी बाटली पाण्यात टाकू नका.