अल्पकाळात सोडलेली नोकरी आणि मुलाखतीतील उत्तर

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील मराठी घरांतून डॉक्टर झालेली मुले-मुली लातूर, सोलापूर, हैदराबाद, पुण्यापर्यंत नोकरीनिमित्त जातात. काही पुन्हा बीदर-कलबुर्गीस परततात. या येण्याजाण्यात एखादी नोकरी दोन-चार महिन्यांतच सुटते. पुढील रुग्णालयाच्या मुलाखतीत मग प्रश्न येतो, “तेथून इतक्या लवकर का निघालात?” रोगनिदानाच्या प्रश्नांना सहज उत्तरे देणारा उमेदवार येथे मात्र अडखळतो, आणि त्या अडखळण्याचाच विपरीत अर्थ काढला जातो.

प्रश्न विचारणाऱ्याची बाजू आधी समजून घ्यावी. तालुक्याच्या गावी नवा डॉक्टर आणणे सोपे नसते. राहण्याची सोय करावी लागते, परिचारिकांना त्याची पद्धत अंगवळणी पडावी लागते, कन्नड, मराठी आणि दखनी बोलणाऱ्या रुग्णांचा विश्वास बसावा लागतो. तो बसतो न बसतो तोच डॉक्टर निघून गेला, तर रुग्ण पुढे कित्येक दिवस त्याचेच नाव घेऊन विचारीत येतात. तेव्हा उमेदवारात काही दोष होता काय आणि तो येथूनही असाच जाईल काय, या दोन शंका स्वाभाविक होत. उत्तर या दोन शंकांचेच द्यावयाचे असते. जुन्या नोकरीची संपूर्ण कथा कोणी मागितलेली नसते.

काहीजण ती नोकरी बायोडाटातून गाळूनच टाकतात. हे आम्हांस मुळीच पसंत नाही. भविष्यनिर्वाह निधी कापला गेला असेल, तर रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख त्या खात्यावर राहते. शिवाय सीमाभागातील वैद्यकीय जग लहान आहे. उदगीरची गोष्ट हुमनाबादेत कळण्यास एक फोन पुरतो. दोन महिन्यांची नोकरी क्षम्य ठरते, लपविलेली नोकरी ठरत नाही.

केवळ दिवस मोजून माणसाची पारख होत नाही, याचे मोठे उदाहरण आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले आणि वडिलांच्या आजारामुळे त्यांना थोड्याच दिवसांत मुंबईस परतावे लागले. 2 फेब्रुवारी 1913 रोजी वडील निवर्तले. पुढे परदेशी शिक्षणासाठी संस्थानची शिष्यवृत्ती घेताना त्यांनी 10 वर्षांच्या सेवेचा करार केला. त्यानुसार 1917 मध्ये ते पुन्हा बडोद्यास गेले. पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही अकराव्या दिवशी त्यांना बाहेर काढण्यात आले आणि ती नोकरी सोडून ते मुंबईस परतले. कागदावर पाहता ही एकाच ठिकाणची दोन अल्पकालीन निर्गमने आणि शिवाय अपुरा राहिलेला करार. तरीही नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. बडोद्याची हकिकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. ती वाचताना काय घडले हे कळते, आणि तेवढ्यानेच वाचणारा अंतर्मुख होतो.

मुलाखतीतही हीच रीत उपयोगी पडते. घडलेली गोष्ट दोन-तीन वाक्यांत, तारखेनिशी सांगावी. “आईस पक्षाघात झाला, घरी दुसरे कोणी नव्हते, आता भाऊ गावी राहावयास आला आहे,” यात दोन्ही शंकांचे निरसन होते, कारण अडचण होती आणि ती आता नाही, हे कळते. “शस्त्रक्रियेसाठी रुजू झालो, पण भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येत, चार महिने वाट पाहिली,” हेही पुरेसे आहे. मात्र असे सांगणाऱ्याने त्याच बैठकीत, “आपल्याकडे भूलतज्ज्ञ कायम आहेत काय?” असे अवश्य विचारावे. त्यातून पुन्हा तसे घडू नये याची त्याला काळजी आहे, हे दिसते. मनासारखे झाले नाही, वातावरण बरे नव्हते, अशी मोघम उत्तरे मात्र संशय वाढवितात. जुन्या वरिष्ठांची उणीदुणी काढणे तर सर्वांत वाईट. ऐकणारा मनातल्या मनात स्वतःस त्या वरिष्ठांच्या जागी बसवून पाहतो.

खरी अडचण येते ती कारणच अनैतिक व्यवहाराचे असेल तेव्हा. रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन देणे-घेणे 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनी निषिद्ध आहे, आणि भ्रष्ट आचरण निर्भयपणे उघड करावे असेही तेच नियम सांगतात. (2023 मध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे 2002 चेच लागू आहेत.) पण तक्रारीची जागा राज्य वैद्यकीय परिषद आहे, मुलाखतीची खोली नव्हे. येथे “कमिशनच्या पद्धतीत मला सहभागी व्हावयाचे नव्हते” एवढे एकच वाक्य, कोणाचे नाव न घेता, पुरे. ते ऐकून समोरच्याचा चेहरा उतरला, तर उमेदवारासही त्या संस्थेविषयी काही कळतेच.

आपण कसे निघालो, हे का निघालो याइतकेच विचारले जाते. हाती घेतलेल्या रुग्णास पुरेशी सूचना न देता सोडू नये, असे वरील नियमांत स्पष्ट आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णांचे कागद सहकाऱ्याकडे सोपवून, मुदतीची नोटीस पुरी करून निघालेला डॉक्टर हे ठामपणे सांगू शकतो. करारपत्रावर सही असेल, तर “असले बाँड कायद्यात टिकत नाहीत” या ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात किमान 3 वर्षे सेवा, अन्यथा 2 लाख रुपये भरणे, ही अट वैध ठरविली. ते प्रकरण सार्वजनिक बँकेचे होते, सर्वच खाजगी करार त्यात येतील असे नाही. पण सही करण्यापूर्वी वकिलास दाखविण्यास तेवढे कारण पुरे आहे. देणे राहिले असेल तर ते फेडून पावती घ्यावी. निघताना, नोकरी दोनच महिन्यांची असली तरी, पद आणि दोन्ही तारखा लिहिलेले अनुभवपत्र मागून घ्यावे. राजीनाम्याच्या दिवशी ते सहज मिळते, वर्षभराने मिळत नाही.