मागचा सगळा हिशेब सोबत नेणारं समीकरण

बेळगावात ताजा, कोमट कुंदा समोर आला की खाण्याआधी तो चमच्याने हलकेच दाबून पाहावा. चमचा उचलल्यावर खळगा थोडा भरून येतो, पण पुरता भरत नाही. रबर असतं तर ते पूर्ववत झालं असतं. काकवी असती तर खळगा क्षणात सपाट झाला असता. कुंदा या दोन्हींच्या मधला आहे, आणि या मधल्या वागणुकीचं गणित ‘अपूर्णांकी विकल समीकरणं’ या नावाने शिकवलं जातं. कॉलेजातली मुलं त्याला फ्रॅक्शनल कॅल्क्युलस म्हणतात. नाव ऐकून दबकायला होतं, पण या समीकरणाचं उत्तर काढायला त्रैराशिक येणाऱ्या माणसाला एक वही आणि एक कॅल्क्युलेटर पुरतो. ते इथे प्रत्यक्ष करून दाखवतो.

रबर आणि काकवी यांच्यामध्ये

रबर ओढलं की त्याचा विरोध ताणाच्या प्रमाणात वाढतो. किती ताणलं एवढंच महत्त्वाचं, किती वेगाने ताणलं ते नाही. बदलाचा वेग काढण्याला गणिताच्या भाषेत विकलन म्हणतात; इथे ताणाचं विकलन शून्य वेळा झालं. काकवी ढवळताना उलट असतं. पळी किती फिरली यापेक्षा किती वेगाने फिरते यावर विरोध ठरतो, म्हणजे विकलन एकदा झालं. मग कुंदा, चीज, मळलेली कणीक यांचं काय? इंग्लंडमध्ये जॉर्ज स्कॉट ब्लेअर हे संशोधक दुग्धपदार्थांवर काम करत होते. कारागीर चीज बोटांनी दाबून त्याचा घट्टपणा सांगतो, तो आकड्यात कसा मांडायचा, हा त्यांचा प्रश्न होता. १९४० च्या दशकात त्यांनी सुचवलं की अशा पदार्थांसाठी विकलनाची संख्या शून्य आणि एक यांच्यामधली घ्यावी.

अर्धं विकलन मातीतही भेटतं. एकसारख्या, खोल जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान कसं बदलत गेलं हे माहीत असेल, तर आत शिरणारी उष्णता त्या तापमानाच्या अर्ध्या विकलनाच्या प्रमाणात असते. सूर्याखाली तापणाऱ्या शेताने सकाळपासूनचं ऊन जमेस धरलेलं असतं.

अर्धं विकलन करायचं म्हणजे काय करायचं

प्रश्न जुना आहे. ३० सप्टेंबर १६९५ च्या पत्रात लायब्निझने लोपिताल या फ्रेंच गणितज्ञाशी अर्ध्या विकलनाची चर्चा केली होती. आकडेमोडीला सोपी ठरणारी व्याख्या मात्र ग्रुनवाल्डने १८६७ मध्ये आणि लेटनिकोव्हने १८६८ मध्ये दिली. ती अशी: वेळेची सारखी पावलं पाडा आणि आत्ताच्या किमतीला १ ने गुणा. एक पाऊल मागच्या किमतीला उणे ०.५ ने, त्याच्या मागच्या किमतीला उणे ०.१२५ ने, मग उणे ०.०६२५, उणे ०.०३९०६२५, असं थेट सुरुवातीपर्यंत जा. सगळ्यांची बेरीज करून तिला पावलाच्या लांबीच्या वर्गमुळाने भागा.

हे गुणक पाठ करायची गरज नाही. विकलनाच्या संख्येत १ मिळवा, सुरुवातीचा १ सोडून आपण कितव्या गुणकावर आहोत त्या आकड्याने भागा, भागाकार १ मधून वजा करा आणि आधीच्या गुणकाला त्याने गुणा. अर्ध्या विकलनात १.५ ला २ ने भागून ०.७५, १ मधून वजा करून ०.२५, आणि उणे ०.५ गुणिले ०.२५ म्हणजे उणे ०.१२५. आता हाच नियम पूर्ण, म्हणजे एकदाच्या विकलनाला लावून पाहा. पहिला गुणक उणे १ येतो आणि दुसऱ्यापासून सगळे शून्य. उरते ती ‘आत्ताची किंमत वजा मागची किंमत’, आपली शाळेतली ओळखीची वजाबाकी. संख्या पूर्ण असते तेव्हा समीकरणाला फक्त शेजारचं आठवतं. ती अपूर्णांक झाली की सगळा भूतकाळ जागा होतो. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

१९६७ मध्ये इटलीच्या मिकेले कापुतो यांनी व्याख्येला असं वळण दिलं की सुरुवातीची किंमत नेहमीसारखी सांगता यावी. खाली तीच सोय वापरली आहे: प्रत्येक किमतीतून सुरुवातीची किंमत वजा करून हिशेब करायचा.

वहीतली चार पावलं

सर्वांत साधं समीकरण घेऊ. एखाद्या राशीचं अर्धं विकलन म्हणजे ती राशीच, पण उणे चिन्हासह. सुरुवात १ पासून. वेळ १ झाल्यावर किती उरेल? पाऊल पाव एककाचं. पावचं वर्गमूळ अर्धं, आणि अर्ध्याने भागणं म्हणजे दुपटीने गुणणं.

प्रत्येक वेळी ‘सुरुवातीपासून घट किती झाली’ हे शोधायचं. थोडी मांडामांड केली की नियम असा मिळतो: मागच्या घटींना त्यांच्या गुणकांनी, चिन्ह सोडून, गुणून बेरीज करा. तिची दुप्पट करून १ मिळवा आणि ३ ने भागा.

पहिल्या पावलाला मागे काहीच नाही. १ भागिले ३, घट ०.३३३३, उरले ०.६६६७. दुसऱ्याला ०.३३३३ ची निम्मी ०.१६६७, दुप्पट ०.३३३३, त्यात १ मिळवून ३ ने भागलं की घट ०.४४४४ आणि उरले ०.५५५६. तिसऱ्याला दोन घटी हाताशी आहेत. ताज्या ०.४४४४ ला ०.५ आणि जुन्या ०.३३३३ ला ०.१२५ ने गुणायचं. बेरीज ०.२६३९, घट ०.५०९३, उरले ०.४९०७. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा इथेच गुणक उलटे लावले आणि उत्तर ०.५१८५ आलं. ताज्या आठवणीला मोठा गुणक, जुनीला लहान, हे वहीच्या समासात लिहून ठेवावं. चौथ्या पावलाला तीन गुणाकार, घट ०.५५४०, उरले ०.४४६०.

या समीकरणाचं नेमकं उत्तर माहीत आहे. वेळ १ ला ते ०.४२७६ आहे, म्हणजे चार पावलांत आपली चूक ०.०१८४.

नेहमीच्या, पूर्ण विकलनाच्या ऱ्हासाशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. पाव एककाला नेहमीच्या ऱ्हासात ०.७७८८ उरतं, अर्ध्या विकलनात फक्त ०.६१५७. वेळ १० ला चित्र पालटतं: नेहमीच्या ऱ्हासात ०.००००४५ उरतं, अर्ध्या विकलनात अजून ०.१७. आधी झपाट्याने उतरायचं आणि मग रेंगाळायचं. निपाणीतली तंबाखूची वखार रिकामी केल्यावर वास आधी भरभर कमी होतो आणि मग महिनोन्‌महिने भिंती सोडत नाही, ते इथे आठवतं.

आठवणीचं ओझं

चार पावलांना सहा गुणाकार पुरले. १,००० पावलांना सुमारे ५ लाख लागतात, १०,००० ला सुमारे ५ कोटी. पावलं दहापट, काम शंभरपट. मग जुनं सोडून का देऊ नये? तसं करतातही, पण ते जपून करावं लागतं. अर्ध्या विकलनात मागच्या सगळ्या गुणकांची बेरीज, चिन्ह सोडून, बरोबर १ असते. पहिल्या पाचांत त्यातला ०.७५३९ वाटा येतो. पण १०० पावलं मागे गेलं तरी साडेपाच टक्के शिल्लक असतात. शेपूट बारीक आहे, पण फार लांब आहे.

दुसरी अडचण सुरुवातीची. वरच्या पावलांतल्या चुका ओळीने लावल्या तर ०.०५१०, ०.०३२४, ०.०२३६, ०.०१८४. पहिलीच सर्वांत मोठी, कारण आरंभी उत्तर सरळ खाली कोसळतं, तिथे आलेखाचा उतार अनंत असतो. म्हणून जाणकार सुरुवातीला बारीक पावलं टाकतात आणि पुढे ती मोठी करत जातात.

निपाणीहून पुण्याच्या वाटेवर

वरचं समीकरण सरळ होतं म्हणून अज्ञात एका बाजूला आणता आलं. राशीचा वर्ग किंवा साइन आत असेल तर ते जमत नाही. तेव्हा आधी अंदाज बांधायचा आणि मग तो सुधारायचा. अपूर्णांकी समीकरणांसाठी डीटेल्म, फोर्ड आणि फ्रीड यांची २००२ ची अंदाज-सुधार रीत जगभर वापरात आहे.

या रीतीला पुढे नेणारं काम आपल्या शेजारी झालं. पुणे विद्यापीठातल्या वर्षा दफ्तरदार-गेज्जी यांनी हुसेन जाफरी यांच्यासोबत २००६ मध्ये एक पुनरावृत्तीची पद्धत मांडली. तिला दोघांच्या नावांनीच ओळखतात. पहिला अंदाज समीकरणात घाला, जे येईल ते अंदाजात मिळवा, पुन्हा घाला. दर फेरीला फक्त नवी भर मोजायची. २०१४ मध्ये दफ्तरदार-गेज्जी, योगिता सुकळे आणि सचिन भालेकर यांनी या पद्धतीच्या पहिल्या तीन पदांवर नवी अंदाज-सुधार रीत बेतली. जुन्या रीतीपेक्षा तिला वेळ कमी लागतो, हे त्यांनी उदाहरणांनी दाखवलं. भालेकर त्या काळात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होते.

निपाणी कर्नाटकात असली तरी तिला चिकटून असलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, महाराष्ट्रात आहे. तिथलं देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. तिथे शिकणारी निपाणीची मुलं वर्गात जाताना राज्याची हद्द ओलांडतात. हा विषय त्यांच्यासाठी कुठल्या दूरदेशीचा नाही, आणि मला त्यांच्यापर्यंत तो मराठीत पोचवायचा आहे.

सुरुवात कुठून करावी? पाऊल पावऐवजी एक अष्टमांश घ्या. आता २ च्या जागी ८ चं वर्गमूळ, २.८२८४, आणि भागायला ३ ऐवजी ३.८२८४. आठ ओळींचा तक्ता होतो, शेवटच्या ओळीला सात गुणाकार लागतात. उत्तर ०.४३६७ आलं पाहिजे. चूक ०.०१८४ वरून ०.००९२ वर आलेली दिसेल, बरोबर निम्मी. काहीतरी वेगळंच आलं, तर तिसऱ्या ओळीतला गुणकांचा क्रम आधी तपासा.