पंख्यावरचं नाव

अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही गावातल्या देवळाच्या सभामंडपात मान वर केली, की पंख्याच्या पात्यांवर नावं दिसतात. लाल रंगात, हातानं रंगवलेली: कुणाच्या तरी स्मरणार्थ, खाली देणाऱ्याचं नाव आणि मुक्काम-पोस्ट. पंखा फिरू लागला की ती वाचता येत नाहीत, बंद पडला की वाचता येतात. एसटी स्टँडवरची पाणपोई, शाळेचा रंगमंच, स्मशानातला बाक, सगळीकडे हाच मजकूर. या हौसेला हसणं सोपं आहे. पण वर्गणी मागत दारोदार फिरलेल्या माणसाला विचारा, पाटी लावायची सोय नसती तर निम्मे पंखे आलेच नसते. तेव्हा आपल्यामागे आपलं काही राहावं ही इच्छा बरी की वाईट, या वादात फार अर्थ नाही. ती असतेच. विचारायचं ते इतकंच, की माणूस मागे जे ठेवू पाहतो आणि प्रत्यक्षात जे राहतं, त्या दोन्हींत मेळ कितपत बसतो? वऱ्हाडाच्या गेल्या सव्वाशे वर्षांकडे पाहिलं तर उत्तर जरा अडचणीचं निघतं. काय राहणार हे जाणारा ठरवत नाही, मागचे ठरवतात. जाणाऱ्याच्या हाती फार तर मागच्यांची सोय लावून देणं असतं.

घराण्यातून नाव चालेल ही आशा सर्वांत जुनी. पण आपली परंपराच या बाबतीत हातचं राखून बोलते. श्राद्धात नावानिशी पिंड मिळतो तो बाप, आजा आणि पणजा या तिघांना. त्याच्या पलीकडचे सारे पितरांच्या घोळक्यात जातात. खापरपणजोबाचं नाव विचारलं तर घरातला शिकलेला मुलगाही सातबाराचे जुने उतारे शोधू लागेल. म्हणजे रक्ताच्या वारशाला शास्त्रानंच तीन पिढ्यांची मुदत घातलेली आहे. याच परंपरेत दुसरी तजवीजही होती. विहीर खणणं, तळं बांधणं, वाटसरूंसाठी झाडं लावणं याला पूर्तकर्म म्हणत आणि त्याचं पुण्य यज्ञाच्या जोडीला बसवत. विहिरीला मुदत नसते, पाणी असेतो लोक येतात. मात्र ती कुणी खणली हे पाणी शेंदणारा विचारत नाही.

कीर्तीचा हिशोबही असाच बेभरवशाचा. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८) हे आपल्या काळातलं केवढं प्रस्थ! नामांकित वकील, टिळकांचे उजवे हात, १८९७ साली अमरावतीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष. टिळकांना मंडालेला धाडल्यावर त्यांच्या अपिलासाठी हे गृहस्थ विलायतेला जाऊन बसले. आपण राजकारणात केलेलं काम मागे राहील असं त्यांना वाटलं असेल तर त्यात चूक काही नव्हती. पण आज खापर्ड्यांचं नाव देशभर आणि देशाबाहेरही घेणारे लोक बहुतेक साईभक्त आहेत. डिसेंबर १९१० मध्ये काही दिवस आणि पुढे १९११-१२ च्या हिवाळ्यात काही महिने खापर्डे शिर्डीला राहिले. रोजच्या सवयीनं, कोण भेटलं, आरती कशी झाली, बाबा काय बोलले, हे रोजनिशीत टिपत गेले. वर्षानुवर्षं लिहिलेल्या त्या रोजनिशीतली ही काही पानं भाविकांनी उचलली, छापली, भाषांतरित केली. ज्या पानांसाठी त्यांनी विशेष काही केलं नव्हतं, ती टिकली. ज्यासाठी उमेद खर्ची घातली, ते अभ्यासकांच्या तळटिपांत गेलं.

गाडगेबाबांचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण बहुधा त्यागाची कथा म्हणून. माझ्या मते त्यांच्यातला व्यवहारी माणूस अधिक पाहण्यासारखा आहे. १८७६ साली शेंडगावात परिटाच्या घरी जन्मलेला डेबू मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढला, शाळेत गेला नाही, आणि १९०५ मध्ये घर सोडून निघाला. गळ्यात गोधडी, हाती खराटा आणि मडक्याचा तुकडा. हे चित्र सर्वांना पाठ आहे. कमी बोललं जातं ते हे, की या माणसानं पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधवला, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या केल्या, आणि एकाही मालमत्तेत आपल्या नातलगांना हक्क राहू दिला नाही. व्यवस्था विश्वस्तांकडे, उपयोग गोरगरिबांचा, कीर्तनकाराची झोळी रिकामी. कुणाला शिष्य केलं नाही, कुणाचा गुरू झालो असं म्हणवून घेतलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणासाठी. आपण बांधलेली वास्तू हयातीतच दुसऱ्याच्या हाती आणि दुसऱ्या कामाला देणं, हे साऱ्यांत अवघड. पंखा देणाऱ्यालासुद्धा तो दुसऱ्या देवळात हलवलेला खपत नाही.

आणि निघालं काय? डिसेंबर १९५६ मध्ये वलगावजवळ बाबा गेले, त्याच्या आधीच कऱ्हाडला कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यांच्या नावानं कॉलेज काढलं होतं. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचंच नाव मिळालं; शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं नाव पदवीच्या कागदावर! पण मला याहून मोठा वारसा मुंबईत दादरला दिसतो. टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या गावोगावच्या कॅन्सररुग्णांची आणि नातेवाइकांची राहण्याची सोय करणारी गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा तिथं चालते. वारकऱ्यांची गरज ओळखून सुरू झालेली कल्पना मागच्यांनी कॅन्सररुग्णांच्या गरजेला लावली.

यावर पहिला आक्षेप असा, की हे संतांचं झालं. गृहस्थानं काय करावं? शिवाय बाबांच्या विरक्तीची किंमत त्यांच्या बायकोमुलांनी मोजली, हेही खरं. मी ती विरक्ती आदर्श म्हणून पुढे ठेवत नाही. पण पंजाबराव देशमुख (१८९८-१९६५) गृहस्थ होते, ऑक्सफर्डला शिकलेले होते, दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री होते. पापळच्या शेतकऱ्याच्या या मुलानं १९२७ मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाला हात घातला, जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, आणि १९३२ मध्ये उभ्या राहिलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेला सभासदांची संस्था केलं, घराण्याची नाही. अकोल्याचं त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ, म्हणजे पीडीकेव्ही, १९६९ मध्ये सुरू झालं ते त्यांच्या मागे. आज कृषी केंद्रावर हरभऱ्याची पिशवी मागणारा शेतकरी ‘पीडीकेव्ही कांचन’ म्हणतो, तेव्हा त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांत पंजाबराव आहेत हे त्याच्या मनातही नसतं. उतारा कसा पडतो, मर रोगाला टिकतो का, एवढंच तो बघतो. पंजाबरावांना हे वावगं वाटलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. संस्था काढून कुणाचं भलं झालं? संस्थापकाचा फोटो भिंतीवर राहतो आणि खाली निवडणुकीची पॅनेलं, कोर्टकज्जे, विश्वस्त बदलल्याच्या नोंदीवरून (चेंज रिपोर्ट) भांडणं. हे नाकारण्यात हशील नाही. सभासदांच्या हाती संस्था दिली की भांडणही सभासदांच्या हाती जातं. पण पर्याय काय? घराण्याकडे ठेवलेली संस्था तिसऱ्या पिढीत मालमत्ता होते आणि मग भांडण भावाभावांत लागतं, तेही बाहेरच्याला दिसत नाही. निवडणुकीतलं भांडण निदान उघड्यावर असतं. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत काढलेला आखाडा, म्हणजे आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. त्याच मंडळाच्या आवारात आज इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. तालमीच्या मातीत वाढलेल्यांना हे रुचत नसेल. मलाही ते सहज पचत नाही. तरी शंभर वर्षं उलटून संस्था जिवंत आहे.

कधी हेतूच संपतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीला तपोवन उभं केलं, तेव्हा रोगाची भीती इतकी होती की घरचे रुग्णाला वेशीबाहेर काढत. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, आणि २००५ अखेर देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. रोग हटणं हे संस्थापकाचं स्वप्नच; पण मग जमीन, इमारती, कार्यशाळा कशासाठी? १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात याची वाट आहे: मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं तर त्याला सर्वांत जवळच्या कामी मालमत्ता लावता येते. म्हणून विश्वस्तपत्र लिहिताना हेतू फार अरुंद लिहू नये, असं सांगावंसं वाटतं. ‘आठवीत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्यास’ अशा अटीची ठेव शाळेकडे असते आणि शाळेत संस्कृतच नसतं. एकेकाळी हजार रुपयांची ठेव मोठी वाटे. सात टक्क्यांनी तिचं व्याज वर्षाला सत्तर रुपये. आज त्यात बक्षीस म्हणून धड पुस्तक येत नाही. व्याजाचा काही भाग मुदलात मिळवावा आणि विषय शाळेनं ठरवावा, एवढं एक वाक्य घातलं असतं तर ठेव तग धरून राहिली असती.

तिसरा प्रश्न ज्यांच्याकडे ठेव नाही, वावर नाही, त्यांचा. इथं अचलपूरजवळच्या वज्झरचे शंकरबाबा पापळकर आठवतात. टाकून दिलेल्या मतिमंद, अंध, मूकबधिर मुलांना त्यांनी सांभाळलं आणि शंभरावर लेकरांच्या कागदपत्रांत बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं. आपल्याकडे मधलं नाव बापाचं. ते नसेल तर शाळा, आधार, मतदार यादी, सगळीकडे अडतं. म्हणून हे नाव त्यांच्या कौतुकापेक्षा लेकरांच्या कामाचं अधिक. बालगृहाला मात्र त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, आखाडा काढणाऱ्या वैद्य बंधूंपैकी अंबादासपंतांचं दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांचा आग्रह कितीतरी वर्षं वेगळ्याच गोष्टीचा आहे. कायद्यानं अठराव्या वर्षी मुलाला बालगृह सोडावं लागतं, मागाहून जी मदत आहे ती साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. ज्याला स्वतःच्या हातानं जेवता येत नाही त्यानं अठरा पूर्ण झाले म्हणून जायचं कुठं? अशा बेवारस अपंगांना आयुष्यभर तिथंच राहता यावं, असा कायदा ते मागत आहेत. आज वज्झरला हे चालतं ते त्यांच्या हट्टावर. कायदा झाला तर त्यांच्या पश्चातही चालेल, आणि ज्या गावांनी त्यांचं नाव कधी ऐकलं नाही तिथल्या बालगृहांतही चालेल.