रिकाम्या बाकांचा दोष कुणाचा?

अमेरिकेतल्या ख्रिस्ती वर्तुळांत एक आकडा वर्षानुवर्षे फिरतो आहे: दर महिन्याला १,५०० पाळक सेवा सोडून जातात. व्यासपीठांवरून तो सांगितला गेला, पुस्तकांत छापला गेला, आणि ऐकणाऱ्यांनी तो पुढे सांगितला. २०१५ साली लाइफवे रिसर्च या संस्थेने इव्हँजेलिकल आणि कृष्णवर्णीयांच्या जुन्या मंडळ्यांतल्या १,५०० पाळकांची पाहणी केली आणि दहा वर्षांपूर्वी त्याच जागी कोण होते, त्यांचे पुढे काय झाले, याचा माग काढला. मृत्यू आणि निवृत्ती वगळून सेवा सोडलेल्यांची सरासरी महिन्याला अडीचशेच्याही खाली आली. गाजलेल्या आकड्याचा सहावा हिस्सासुद्धा भरला नाही.

म्हणून सगळे आलबेल आहे, असे मात्र नाही. बार्ना ग्रुपने मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट पाळकांना विचारले, तेव्हा ४२ टक्के जणांनी कबूल केले की गेल्या वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडण्याचा विचार आपण गंभीरपणे केला होता. विचार करणारे पुष्कळ, प्रत्यक्ष सोडणारे थोडे. मधले जे आहेत ते दर रविवारी उपदेशाला उभे राहतात आणि सोमवारी खचून बसतात. त्यांच्याविषयी मंडळीत, आणि त्यांच्या स्वतःच्या मनातही, काही समजुती इतक्या पक्क्या असतात की त्यांना धीर द्यायला गेलेला माणूस उलट ओझे वाढवून येतो.

‘बाक रिकामे, म्हणजे पाळक कच्चा’

पहिली समजूत संख्येची. हजारोंच्या सभा भरवणारे चर्च टीव्हीवर आणि मोबाइलवर दिसते, आणि साठ माणसांचा पाळक आपल्याला नापास ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात साठ माणसे हेच सर्वसाधारण चित्र आहे. अमेरिकेत १५,००० हून अधिक मंडळ्यांची २०२० ची पाहणी सांगते की निम्म्या मंडळ्यांत आठवड्याच्या उपासनेला ६५ किंवा त्याहून कमी माणसे येतात. २००० साली हाच मधला आकडा १३७ होता. वीस वर्षांत तो निम्म्याखाली आला, तो काय सगळ्या देशातले पाळक एकाएकी आळशी झाले म्हणून?

मंडळ्या बंदही पडतात. लाइफवेच्या अंदाजानुसार २०१९ साली अमेरिकेत सुमारे ४,५०० प्रॉटेस्टंट चर्च बंद झाली आणि सुमारे ३,००० नवी उघडली. गाव ओस पडते, कारखाना उठतो, तरुण शहर गाठतात. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांमधून पुण्या-मुंबईकडे गेलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. गावातल्या चर्चमध्ये म्हातारी माणसे उरतात आणि नाताळला अंगण भरते. तो फरक उपदेशाने पडलेला नसतो, एसटीने पडलेला असतो.

जुन्या काळी लोक झुंडीने येत, हीसुद्धा दंतकथाच. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना एकाच सभेत दीक्षा देऊन परदेशी सेवेला पाठवले गेले. त्यांतले अदोनिराम जडसन १८१३ मध्ये रंगूनला पोहोचले. त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा झाला तो जून १८१९ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. त्याच सभेतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तर कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघाले होते. ते कसेबसे राहिले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. हॉल तेरा वर्षे मराठीत बोलत, शाळा चालवत, पुस्तिका वाटत हिंडले. मार्च १८२६ मध्ये नाशिककडे पटकीची साथ होती. जवळची बरीचशी औषधे रोग्यांना वाटून ते परत निघाले आणि वाटेत दोडी-दापूर येथे त्यांनाच पटकी झाली. वय अवघे ४१. त्यांच्या मागे मोठी मंडळी उभी नव्हती. त्याच वर्षी मिशनचा मराठी नवा करार छापून पूर्ण झाला, १८३३ साली अहमदनगरात मंडळी स्थापन झाली, १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागले. हॉल यांचे मूल्यमापन १८२५ च्या हजेरीवरून कुणी केले असते, तर शेरा काय पडला असता ते उघड आहे.

‘खचला, म्हणजे विश्वास उणा’

ही समजूत सगळ्यांत घातक, कारण तिच्यामुळे माणूस बोलतच नाही.

चार्ल्स स्पर्जन हे एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचे सर्वांत गाजलेले उपदेशक. १९ ऑक्टोबर १८५६ च्या संध्याकाळी सरे गार्डन्सच्या सभागृहात त्यांना ऐकायला हजारो लोक जमले होते. कुणीतरी ‘आग!’ म्हणून ओरडले. आग नव्हतीच, पण जिन्यांवर चेंगराचेंगरी झाली आणि सात माणसे मेली. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते. त्या रात्रीनंतर ते काही काळ कोलमडले, आणि नैराश्याचे झटके त्यांना पुढे जन्मभर येत राहिले. विशेष म्हणजे त्यांनी ते झाकून ठेवले नाहीत. आपल्या विद्यालयातल्या भावी पाळकांपुढे त्यांनी याच विषयावर एक अख्खे व्याख्यान दिले. त्यात आजारपण, अतिश्रम, बंद खोलीतले बैठे काम, मोठ्या यशानंतर येणारी पोकळी अशी साधी, शरीराला लागून असलेली कारणे त्यांनी मोजून दाखवली. हवापालट, विश्रांती, मोकळ्या रानात फिरणे यांना त्यांनी उपचारांत मानाची जागा दिली. स्वतः ते बरेच हिवाळे फ्रान्सच्या किनाऱ्यावर मेंतों येथे काढत.

शास्त्रातला दाखला तर त्याहून जुना. १ राजे १९ मध्ये एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. कर्मेलवरचा विजय ताजा असताना! देवदूत त्याला उपदेश करत नाही, पापांची यादी वाचत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवतो, झोपू देतो आणि पुन्हा खायला उठवतो. हा अध्याय पाळकांनी मंडळीला अनेकदा सांगितलेला असतो. मंडळीने पाळकाला तो लागू केल्याची उदाहरणे कमी.

आधुनिक पाहणीही तेच दाखवते. नॉर्थ कॅरोलायनातल्या युनायटेड मेथडिस्ट पाळकांच्या प्रकृतीचा ड्यूक विद्यापीठाने २००८ पासून अभ्यास केला. त्यांच्यात लठ्ठपणाचे प्रमाण सुमारे ४० टक्के निघाले, राज्यातल्या त्याच वयोगटातल्या इतरांत ते २९ टक्क्यांच्या आसपास होते. नैराश्याचे प्रमाणही देशाच्या सरासरीहून जास्त. कामाचा ताण तर होताच, शिवाय ‘आपण पुरेसे करत नाही’ ही टोचणी ज्यांना जास्त, त्यांच्यात नैराश्यही जास्त आढळले. अशा माणसाला ‘पास्टर, जरा जोर लावा’ म्हणणे म्हणजे नेमके त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवणे.

‘पाळक बदला, मंडळी सुधारेल’

केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये १७८२ साली चार्ल्स सिमियन यांची नेमणूक झाली. वय २३. मंडळीला दुसराच माणूस हवा होता. बाकांच्या मालकांनी आपापल्या बाकांना कुलपे लावली आणि घरी बसून राहिले. जे ऐकायला येत ते वाटेत उभे राहत. सिमियन यांनी पदरचे पैसे घालून खुर्च्या आणि बाके आणली, तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून बाहेर अंगणात फेकली. रविवार दुपारचे व्याख्यानही मंडळीने दुसऱ्यांकडे दिले होते, ते सिमियनना मिळायला बारा वर्षे गेली.

कोणत्याही वार्षिक सभेत या माणसाची बदली एकमताने मंजूर झाली असती. सिमियन तिथेच राहिले, ५४ वर्षे, १८३६ मध्ये मरेपर्यंत. त्यांचे साहाय्यक हेन्री मार्टिन १८०६ मध्ये भारतात आले आणि त्यांनी नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले. केंब्रिजमधून शेकडो तरुण सिमियन यांच्या हाताखाली तयार होऊन बाहेर पडले.

प्रत्येक पाळकाने अर्धे शतक ठाण मांडावे, असा याचा अर्थ नव्हे. काही जागी माणूस खरोखरच बसत नाही, काही जागी वागणूकच अशी असते की त्याला हलवणे मंडळीच्या भल्याचे ठरते. पण दोन-तीन वर्षांनी माणूस बदलून पाहायची सवय असलेल्या मंडळीत विश्वास रुजायला वेळच मिळत नाही. नवा येतो, नावे पाठ करतो, कुणाचे कुणाशी जमत नाही ते त्याला कळू लागते आणि तोवर त्याची बदली निघते.

‘नोकरी करतो तो अर्धाच पाळक’

याला उत्तर द्यायला विल्यम केरी पुरेसे आहेत. १७९३ च्या नोव्हेंबरात ते बंगालमध्ये उतरले आणि पोट भरण्यासाठी माल्द्याच्या बाजूला नीळ-कारखान्याचे व्यवस्थापक झाले. पहिला बंगाली बाप्तिस्मा, कृष्ण पाल यांचा, १८०० च्या डिसेंबरअखेरीस झाला. तोवर सात वर्षे उलटली होती. पुढे ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषा शिकवू लागले आणि पगाराचा मोठा भाग मिशनला देऊ लागले. पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने १८०५ मध्ये त्यांनी काढलेले मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश ही त्या नोकरीचीच फळे. त्यांच्याही आधी पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता. आज अमेरिकेत मंडळ्या चालवणाऱ्या पाळकांपैकी सुमारे एक तृतीयांश दुसरी नोकरी करतात.

आपल्याकडे याच्या जोडीला आणखी एक कुजबुज असते: पाळकाला काय, बाहेरून पैसा येतो. वस्तुस्थिती रुक्ष आहे. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. पन्नास घरांच्या मंडळीतल्या पाळकाच्या घरभाड्याची सोय यातून होईल, ही आशा सोडलेली बरी. त्याचा पगार अर्पणाच्या थैलीतून आणि जिथे असेल तिथे धर्मप्रांताच्या निधीतून निघतो. पावसाने ओढ दिली की तो उशिरा निघतो.

‘खरा पुढारी सगळे स्वतः करतो’

निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून येतो, एक दिवस बघतो आणि स्पष्ट सांगतो की हे बरे नाही, तूही झिजशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमली जातात. प्रेषितांच्या कृत्यांतही विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी वाढपाचे काम स्वतःकडे घेतले नाही. सात जण निवडले.

लहान मंडळीत मात्र पाळकच उपदेश करतो, मयतीला जातो, दवाखान्यात बसतो, पावत्या फाडतो, पंचांची भांडणे मिटवतो आणि चर्चच्या छपराची गळतीही त्यानेच बघायची असते. उरलेले पाळकबाई करतात: संडे स्कूल, महिला मंडळ, आल्यागेल्याचा चहा. त्यांना पगार नसतो आणि अहवालात त्यांचे नावही बहुधा आभारांच्या ओळीत येते. हा दोघांचा संसार आहे की मंडळीचे फुकटचे कार्यालय, असा प्रश्न पडावा.

तेव्हा मंडळीच्या येत्या वार्षिक सभेत हजेरीचा विषय निघाला, तर पंचांनी त्याआधी तीन ठराव मांडावेत. पाळकाचा पगार कोणत्या तारखेला होणार, आठवड्यातला कोणता वार त्याच्या सुट्टीचा, आणि तो वर्षातून दोन-तीन रविवार रजेवर असताना उपासना कोण घेणार. नावे आणि तारखा इतिवृत्तात लिहून घ्याव्यात.