लॅपटॉप तापतो कशाने? उन्हाळ्यापूर्वी घ्यावयाची काळजी



ऊस विकास विभागाने बेणे, खत आणि पाणी सोडून लॅपटॉपवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु चिकलठाणा बाजूच्या गटात ऊस नोंदणीसाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा उसाच्या प्रश्नांबरोबर हल्ली हाही प्रश्न निघतो. "साहेब, पोरीचा लॅपटॉप तव्यावानी तापतो अन् मधीच बंद पडतो. काय करावं?" एका सभासदाच्या मुलीचा लॅपटॉप तर प्रवेश अर्ज भरता भरता बंद झाला. दुरुस्तीवाल्याने नव्याच्या निम्मा खर्च सांगितला. दुसऱ्या जाणकाराने उघडून पाहिले, तर आत धुळीचा थर होता. तो काढताच यंत्र सुरळीत चालू लागले. विनाकारण खिशाला चाट बसू नये आणि मुलांचे शिक्षण अडू नये, यासाठी चार गोष्टी समजून घेऊ.

उष्णता येते कोठून?

विहिरीवरची मोटार वीज खाते आणि त्या बदल्यात पाणी वर चढवते. लॅपटॉप असे कोणतेच ओझे उचलीत नाही. काम जोरात असताना नेहमीच्या लॅपटॉपच्या चार्जरमधून ४५ ते ६५ वॅट वीज आत जाते आणि शेवटी ती जवळजवळ सगळी उष्णताच होते. म्हणजे जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता वहीसारख्या पातळ डब्यात कोंडलेली असते. त्यातला मोठा वाटा प्रोसेसर नावाच्या नखाएवढ्या तुकड्यातून निघतो. तेव्हा लॅपटॉप गरम होणे हा दोष नव्हे. उष्णतेला बाहेर जायला वाट न मिळणे, हा दोष होय.

ती बाहेर जाते कशी?

कारखाना पाहिलेल्या सभासदांना व्हॅक्यूम पॅन ठाऊक आहे. आतला दाब कमी केल्याने तेथे पाक ६०-७० अंशांवरच उकळतो. लॅपटॉपमधील तांब्याच्या चपट्या नळीत हीच युक्ती आहे. नळीतील हवा काढून थेंबभर द्रव भरलेला असतो. प्रोसेसरच्या उष्णतेने त्याची वाफ होते, वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि द्रव परत फिरतो. त्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी व लहानसा पंखा असतो. हे झाले ट्रॅक्टरचे रेडिएटर! मळणीच्या वेळी रेडिएटरच्या जाळीत भुसा बसला की इंजिन तापते, हे आपणांस सांगायला नको. लॅपटॉपच्या जाळीत घरातली धूळ, कापसाचे तंतू व केस बसतात. गोधडीवर ठेवला तर खालची भोकेच बुजतात.

मग बंद का पडतो?

प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचला की तो प्रथम आपला वेग कमी करतो. "लॅपटॉप लईच हळू चालतो" ही तक्रार पुष्कळदा येथूनच येते. तरीही उष्णता वाढली, तर यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद होते. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले पडावा, तसाच हा प्रकार. रिले बांधून मोटार चालविणारा मोटार जाळून घेतो. लॅपटॉप पुन्हा पुन्हा चालू करून तसाच रेटणेही त्याच जातीचे. मोटारीप्रमाणे कमी दाबाचा दोष मात्र येथे सहसा नसतो, कारण बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. तसे त्यावर छापलेलेच असते.

चिकलठाण्याचा उन्हाळा

पंखा बाहेरचीच हवा आत ओढतो, त्यामुळे त्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. बरेच लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनविलेले असतात. आपल्या चिकलठाणा वेधशाळेत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास असतो आणि तोही सावलीतला, वारा खेळणाऱ्या पेटीतला. पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून अधिक भरतो. हिवाळ्यात बिनतक्रार चालणारा लॅपटॉप एप्रिल-मेमध्ये का रुसतो, ते यावरून ध्यानी यावे.

हे अवश्य करा

१) लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नका. लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवा आणि मागची बाजू बोटभर उचलून धरेल असा आधार द्या. तासन्‌तास उघड्या मांडीवर ठेवल्यास कातडीवर तपकिरी जाळीदार डाग पडू शकतात.

२) जाळीतील धूळ वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी, जाणकाराकडून साफ करून घ्या. यंत्र जुने असेल तर प्रोसेसरवरील वाळलेला लेपही बदलून मागा. पंक्चरच्या दुकानातील हवेचा झोत मारू नका. त्यात पाणी व तेल असते आणि पंखाही नको तितका भिरभिरतो.

३) जड काम सकाळी उरका. नको असलेल्या खिडक्या बंद करा. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोज असलेल्या यंत्रात टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला राबवतो आहे ते दिसते. काही काम नसताना पंखा सारखा ओरडत असेल, तर कोणी चोरटा प्रोग्रॅम आत बसला आहे का, ते तपासून घ्या.

४) कूलरच्या खोलीत बसा, पण ओला झोत थेट यंत्रावर नको. फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरते.

५) उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते, ती वापरा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका. आणि बुड फुगलेले दिसले, तर चार्जर काढा, यंत्र बंद करा व दुकानात न्या. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नका, ती पेट घेते.

तात्पर्य, दुरुस्तीवाला मोठा आकडा सांगेल तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारावा: "जाळी अन् पंखा उघडून बघितला का?" ट्रॅक्टरचे रेडिएटर साफ न करता कोणी इंजिन बदलीत नाही. लॅपटॉपलाही तोच न्याय लावावा.